राणीच्या बागेपासून कान्हेरीपर्यंत: मुले आणि आजी-आजोबा यांच्यासह मुंबईत पायी फिरण्याच्या जागा

पारिजात_मुलुंड, १० नोव्हेंबर

गेल्या दोन हिवाळ्यांपासून आम्ही महिन्यातला एक रविवार मुंबईतल्या एखाद्या जुन्या बागेत किंवा रानात पायी फिरण्यासाठी राखून ठेवतो. आमच्यात ९ वर्षांची मुलगी, ५ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई असतात. मुलगी धावते, मुलगा दर दहा पावलांवर काहीतरी उचलायला वाकतो आणि सासूबाईंचे गुडघे पायऱ्या दिसताच कुरकुर करू लागतात. या तिघांना एकाच वाटेवरून नेणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. सुरुवातीला मी एका सकाळी तीन ठिकाणे ठरवत असे आणि दुपारी सगळे रुसून घरी परतत असत. आता एका वेळी एकच जागा ठरवते आणि सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीने चालते. तेव्हापासून कोणीही रुसलेले नाही.

या धाग्यात मला आमच्या अनुभवातून पक्की झालेली एक जागा सविस्तर सांगायची आहे आणि जाणकारांकडून पुढच्या जागा जाणून घ्यायच्या आहेत.

ती जागा म्हणजे भायखळ्याची राणीची बाग, अर्थात वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरून दहाएक मिनिटे चालले की तिचे प्रवेशद्वार येते. आजकाल तिथे जाणारी बहुतेक कुटुंबे थेट पेंग्विनच्या दालनाकडे धावतात, रांगेत उभी राहतात, काचेमागचे पक्षी पाच मिनिटे पाहतात आणि वाघाकडे वळतात. आम्हीही पहिल्या खेपेला तेच केले. दुसऱ्या खेपेला रांग फार मोठी होती, म्हणून सासूबाई एका प्रचंड झाडाखालच्या बाकावर बसल्या आणि मुलगा त्या झाडाच्या मुळांवर चढू लागला. त्या दिवशी आम्ही एकही प्राणी पाहिला नाही आणि मुलांना तीच खेप सर्वाधिक आवडली.

नंतर वाचताना लक्षात आले की यात नवल काहीच नव्हते, कारण ही जागा मुळात बागच होती. शिवडीला एक वनस्पती उद्यान होते, ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेली आणि त्याची जागा घेणारी ही बाग भायखळ्याला उभी राहिली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रेअर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली आणि तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले. प्राणी पुढे आले. म्हणजे आपण ज्याला ‘प्राणिसंग्रहालयातली झाडे’ म्हणतो ते खरे तर ‘झाडांमध्ये आणून ठेवलेले प्राणी’ आहेत. बागेचे अधिकृत नाव बदलून अर्धशतक उलटले, तरी आमच्या सासूबाई तिला राणीची बागच म्हणतात; मुलीला मात्र ही राणी म्हणजे जिजाबाईच वाटते.

शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली लोकांसाठी खुले झालेल्या या संग्रहालयाच्या आवारात उभा असलेला दगडी हत्ती मुलांना आधी दाखवावा आणि त्याची गोष्ट नंतर सांगावी. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगिजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले ते याच्यामुळेच. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला, त्याचे तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ साली ते पुन्हा जोडून हत्ती उभा केला गेला. माझ्या मुलाने त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारून सांधे शोधले. जवळच्या राजाच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर सासूबाई थबकल्या, कारण हाच तो ‘काळा घोडा’. लहानपणी त्यांनी तो फोर्टात पाहिला होता. १९६५ साली तो इथे हलवला गेला आणि तिकडे चौकाला फक्त नाव उरले.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगते. बुधवारी बाग बंद असते. रविवारी सकाळी दार उघडताच आत जावे. अकरानंतर गर्दी असह्य होते. वाटा सपाट आहेत, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांना आणि बाबागाडीला अडचण येत नाही. गोरखचिंचेचे भारतीय झाड पाहायला विसरू नका; दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असे त्याचे खोड आहे.

आता माझा प्रश्न. मुलीला ‘खरे जंगल’ पाहायचे आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि कान्हेरीला सासूबाईंसह जाणे शक्य आहे का, की त्यांना घरी ठेवूनच जावे लागेल? त्यांना घरी ठेवून जाणे मला पटत नाही.

झाडवेडा, १० नोव्हेंबर

पारिजातताई, धागा अतिशय आवडला. केवळ एक दुरुस्ती सुचवतो. गोरखचिंच आपल्या लोककथांत आणि नावांत इतकी मुरली आहे की ती इथलीच वाटते, परंतु हे झाड मूळचे आफ्रिकेचे आहे आणि व्यापाऱ्यांबरोबर शतकांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावर आले असे मानले जाते. मुलीला हे सांगितलेत तर तिला झाडापेक्षा त्याचा प्रवास अधिक आवडेल.

राणीच्या बागेबद्दल आणखी थोडे लिहितो, कारण आपण योग्य जागी बोट ठेवले आहे. इथली कित्येक झाडे मुंबईत अन्यत्र क्वचितच दिसतात. त्यांतली माझ्या दृष्टीने सर्वांत देखणी म्हणजे उर्वशी. हे झाड ब्रह्मदेशातले. हिवाळा सरता सरता त्याला लाल-पिवळ्या फुलांचे लोंबते घोस येतात आणि फुलांइतकीच त्याची कोवळी पाने पाहण्यासारखी असतात, कारण ती तांबूस रंगाची, अगदी मऊ आणि ओल्या रुमालासारखी खाली लोंबणारी असतात. कैलासपती मुलांना हमखास आवडतो: त्याची फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून फुटलेल्या दांड्यांवर येतात आणि फळे तोफगोळ्यांसारखी असतात. त्या फळांखाली मुलांना उभे करू नये, ही गंभीर सूचना समजावी.

माझा अनुभव असा की ५ वर्षांच्या मुलाला झाडाचे नाव सांगितले तर तो ते विसरतो, परंतु खोडाला हात लावू दिला तर विसरत नाही. सालीचा खडबडीतपणा, खाली पडलेल्या शेंगेचा आवाज, पान चुरगळल्यावर येणारा वास, एवढेच त्याला पुरे. नावाची भूक ९ वर्षांच्या मुलीला असेल. तिच्या हाती वही द्यावी. झाडांच्या खोडांवर नावाच्या पाट्या आहेत, परंतु सगळ्यांवर नाहीत, आणि मला ते एका परीने बरेच वाटते.

बागेच्या नूतनीकरणाच्या आराखड्यामुळे ही जुनी झाडे धोक्यात येतील अशी भीती २००७ च्या सुमारास निर्माण झाली, तेव्हा नागरिकांनी त्यांच्यासाठी मोठी मोहीम उभी केली होती. आज आपण त्या सावलीत बसतो, त्यात त्या माणसांचा वाटा आहे.

बोरिवली_पूर्व, ११ नोव्हेंबर

मी गेली २२ वर्षे उद्यानाच्या दाराजवळ राहतो आणि जवळजवळ रोज सकाळी आत फिरतो, म्हणून जरा सविस्तर उत्तर देण्याचे धाडस करतो.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. नवखे लोक इथेच चुकतात. ते ‘उद्यान’ हा शब्द ऐकून बागेच्या हिशेबाने येतात आणि पाण्याची एक छोटी बाटली घेऊन कान्हेरीपर्यंत चालू लागतात. मुख्य दारापासून लेणी ६ किलोमीटरांहून दूर आहेत आणि शेवटचा रस्ता चढाचा आहे. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असताना हे अंतर चालू नये. आतून बस जाते, ती घ्यावी. सोमवारी उद्यान बंद असते. लेण्यांचे तिकीट वेगळे घ्यावे लागते.

तुमच्या घरच्या तिघांसाठी मी दोन वेगळे रविवार सुचवेन. पहिल्या रविवारी कान्हेरीचे नावही काढू नका. दारातून आत आल्यावर मुख्य रस्त्याने झाडांच्या सावलीतून सावकाश चाला. हा रस्ता डांबरी आणि बहुतांशी सपाट आहे. पुढे दहिसर नदी भेटते. शहरात खाली जिला लोक नाला समजतात तीच ही नदी. ती तुळशी तलावाच्या बाजूने येते आणि उद्यानात असेपर्यंत खरोखर नदीसारखी दिसते. मुलांना हे दाखवा, आणि परत जाताना दहिसरच्या पुलावरून तिचे पुढचे रूपही दाखवा. ज्यांना थोडा चढ चालतो त्यांनी गांधी टेकडीवर जावे, बाकीच्यांनी खाली बसावे. एवढे झाले की परत फिरा. नोव्हेंबरमध्ये पाने अजून हिरवी असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये याल तर पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण होऊन फुललेले असतील आणि त्यांच्यावर पक्ष्यांची झुंबड असेल. रान पाहायला माझ्या मते तेच दिवस उत्तम. लोक मात्र पावसाळ्यातल्या रविवारी गर्दी करतात आणि एकमेकांच्या छत्र्या पाहून जातात.

बिबट्यांविषयी प्रत्येक जण विचारतो, म्हणून आधीच सांगतो. बिबटे आहेत, चांगल्या संख्येने आहेत, आणि दिवसा गजबजलेल्या रस्त्यावर ते आपल्याला सहसा दिसत नाहीत. पाळण्याचे नियम साधे आहेत: मूल एकटे पुढे धावू देऊ नये, मळलेली वाट सोडून झुडपात शिरू नये, आणि संध्याकाळ होण्यापूर्वी बाहेर पडावे. आमच्या भागातल्या वारली पाड्यांमधले लोक पिढ्यान्‌पिढ्या या प्राण्याच्या शेजारी राहत आले आहेत, अनेक पाड्यांत वाघोबाचे देवस्थानही असते, आणि त्यांचे या जनावराबद्दलचे बोलणे शहरी माणसापेक्षा पुष्कळ शांत असते.

बिबट्यापेक्षा माकडांची काळजी करा. हातात दिसणारी पिशवी म्हणजे त्यांना आमंत्रणच.

शिळाप्रेस, ११ नोव्हेंबर

बोरिवली_पूर्व यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, परंतु कान्हेरीला सासूबाईंना नेता येते, असे माझे ठाम मत आहे. कान्हेरी म्हणजे १०९ लेणी पाहिलीच पाहिजेत हा हट्ट सोडला की प्रश्न सुटतो.

तिकीट खिडकीपासून थोड्या पायऱ्या चढताच क्रमांक ३ चे चैत्यगृह येते आणि कान्हेरीचे सर्वांत भव्य शिल्प तिथेच आहे. ओसरीच्या दोन टोकांना सुमारे ७ मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती समोरासमोर उभ्या आहेत. आत खांबांच्या दोन रांगा आणि शेवटी स्तूप आहे. दर्शनी भिंतीवर दात्या जोडप्यांची शिल्पे आहेत. त्यांचे दागिने आणि केशरचना सासूबाईंना नक्कीच निरखून पाहाव्याशा वाटतील. एवढे पाहून बाकीच्यांनी वर जावे आणि त्यांनी इथे बसावे. बसायला जागा कशी शोधायची, हा प्रश्नच नाही, कारण अनेक लेण्यांच्या बाहेर खडकातच कोरलेली बाके आहेत. भिक्खू बसत तिथे आपण बसावे, याहून चांगली सोय कोणत्या बागेत असते?

मुलांसाठी माझी युक्ती अशी: मूर्तींपेक्षा पाणी दाखवा. कान्हेरीच्या डोंगरावर पावसाचे पाणी वळवण्यासाठी खडकात पन्हळी खोदल्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी पाण्याचे टाके आहे. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि ती कोणी दान केली हेही नोंदवले आहे. दात्यांत कल्याण आणि सोपाऱ्याचे लोक आढळतात. कल्याणच्या गाडीने रोज जाणाऱ्या माणसाला तेच नाव दगडावर भेटते, तेव्हा इतिहास एकदम शेजारचा वाटतो. मुलांना पन्हळीवरून बोट फिरवत पाणी कुठून कुठे जात असेल ते शोधायला लावा. माझ्या भाच्यांनी यात दीड तास घालवला होता.

वर क्रमांक ९० च्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे आणि तारखा कोरून ठेवल्या आहेत. म्हणजे कान्हेरीला सहल काढण्याची परंपरा किमान हजार वर्षांची आहे. अर्थात आपण नावे कोरू नयेत. तो हक्क आता संपला आहे.

गिरगावकर_आजोबा, १२ नोव्हेंबर

गुडघ्यांच्या पक्षाने बोलणारा मी या धाग्यावर एकटाच दिसतो. वय ७४. कान्हेरीच्या खडकात कोरलेल्या पायऱ्या समान उंचीच्या नाहीत आणि उतरताना त्रास चढण्यापेक्षा जास्त होतो, हे तरुण मंडळींच्या लक्षात येत नाही. वहिनींना काठी द्या आणि उतरताना त्यांच्या पुढे चाला, मागे नव्हे.

आमच्या भागात यायचे असेल तर मलबार हिल आहे. तिथली फिरोजशहा मेहता बाग, म्हणजे लोकांचे हँगिंग गार्डन, पाण्याच्या मोठ्या टाकीच्या छतावर केलेली आहे. आपण हिरवळीवर चालत असतो आणि पायाखाली दक्षिण मुंबईचे पाणी असते. हे नातवंडांना सांगितले की ती हळू पाऊल टाकू लागतात. समोर कमला नेहरू उद्यानात म्हातारीचा बूट आहे. माझ्या मुलांना मी त्यात चढवले आणि नंतर नातवंडांनाही. आता तो पूर्वीपेक्षा लहान का वाटतो, याचे कारण मला कळते.

मार्च २०२५ मध्ये तिथेच झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा सुमारे ४८५ मीटर लांबीचा उन्नत लाकडी मार्ग खुला झाला. मला तो आवडेल असे वाटले नव्हते, कारण बागेत पूल बांधण्याची हौस मला समजत नाही. पण गेलो आणि मत बदलले. चाल सपाट आहे, कठडे आहेत, आणि ज्या फांद्या एरवी मान वर करून पाहाव्या लागतात त्या हाताच्या उंचीवर येतात. तिकीट आधी ऑनलाइन काढावे लागते. मला ते नातवाने काढून दिले.

ज्यांच्या पायांत बळ उरेल त्यांनी खाली बाणगंगेवर उतरावे. परतीचा चढ लक्षात ठेवून.

धारावीचा_मास्तर, १३ नोव्हेंबर

शाळेतल्या मुलांना घेऊन दरवर्षी मी ज्या जागी जातो तिचा उल्लेख अद्याप कोणी केलेला नाही, म्हणून लिहितो. शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, धारावी आगाराच्या समोर, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ते सुमारे ३७ एकरांचे आहे आणि १९९४ साली खुले झाले. त्याआधी ही जागा म्हणजे शहराच्या कचऱ्याचा डोंगर होता. माझ्या विद्यार्थ्यांचे आजी-आजोबा ती जागा कशी होती ते आजही नाक मुरडून सांगतात, आणि मुले त्याच जमिनीवर झाडांच्या दाट सावलीत उभी असतात. ‘जंगल आपोआप असते’ असे समजणाऱ्या मुलांना ‘जंगल लावताही येते’ हे दाखवण्यासाठी मुंबईत यापेक्षा योग्य स्थळ मला माहीत नाही.

चालायला अंतर थोडे आहे, वाटा सपाट आहेत आणि फुलपाखरे भरपूर आहेत. पावसाळा संपता संपता गेलात तर राज्य फुलपाखरू, अर्थात काळ्या पंखांवर निळी झाक असलेली राणी पाकोळी, दिसण्याची शक्यता असते. पारिजातताईंना मुलुंडहून शीवला गाडीने येऊन पुढे रिक्षा किंवा बस घेता येईल. बोरिवली गाठण्यापेक्षा हे सोपे पडेल.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी एका निसर्गफेरीला माझा वर्ग पाठवला होता. आयोजकांनी ६० मुलांना एका रांगेत चालवले, पुढचा माणूस ध्वनिवर्धकातून माहिती देत होता आणि शेवटच्या मुलाला केवळ पुढच्या मुलाचे दप्तर दिसत होते. परत आल्यावर मी ‘काय पाहिले?’ असे विचारले तेव्हा एका मुलीने ‘समोशाची गाडी’ असे उत्तर दिले. तेव्हापासून मी १२ मुलांपेक्षा मोठा गट नेत नाही, आणि मध्येच दहा मिनिटे कोणीही बोलायचे नाही असा नियम करतो. पहिली तीन मिनिटे खुदखुद चालते. चौथ्या मिनिटाला पक्षी ऐकू येऊ लागतात.

शीवकर, १३ नोव्हेंबर

मास्तरांच्या जागेपासून जवळच शीवचा किल्ला आहे. सतराव्या शतकात इंग्रजांनी तो बांधला, तेव्हा त्यांच्या ताब्यातील बेट इथे संपत होते आणि पलीकडे पोर्तुगिजांची साष्टी होती. शीव म्हणजे सीमा. पायथ्याशी नेहरू उद्यान आहे. आजीने बागेत बसावे आणि मुलांनी आई-बाबांबरोबर टेकडीवर जाऊन यावे, एवढी ती लहान टेकडी आहे. बांधकामाची पडझड झाली असल्याने भिंतींच्या कडेला मुलांचा हात सोडू नये. दुपारी जाऊ नये, सावली नाही.

पारिजात_मुलुंड, १४ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. झाडवेडा, गोरखचिंचेची चूक मान्य आहे. मुलीने लगेच आफ्रिकेचा नकाशा काढून आणला. गिरगावकर आजोबा, उतरताना पुढे चालण्याची सूचना सासूबाईंना वाचून दाखवली, त्यांनी ‘हे गृहस्थ समजूतदार आहेत’ असे प्रशस्तिपत्र दिले आहे.

येऊरला जावे का? ठाण्याच्या बाजूने ते आम्हाला जवळ पडते.

बोरिवली_पूर्व, १४ नोव्हेंबर

येऊर त्याच रानाचा भाग आहे आणि सुंदर आहे, परंतु सुट्टीच्या दिवशी गाड्यांची वर्दळ फार असते आणि रस्त्याच्या कडेने लहान मुलांना चालवणे मला सुरक्षित वाटत नाही. पक्षी पाहणाऱ्यांनी पहाटे जाऊन आठला परतावे. तुमच्या सोबत्यांसाठी मी ते सुचवणार नाही.

मार्गदर्शकासह रान पाहायचे असेल तर उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करा. शिलोंड्यासारख्या आतल्या वाटांवर परवानगीशिवाय जाता येत नाही. गोरेगावला चित्रनगरीच्या शेजारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ३३ एकरांचे शिक्षण केंद्रही आहे. तिथे आधी नोंदणी करून जावे लागते, आणि ज्यांना केवळ फिरायचे नसून शिकायचे आहे अशा मुलांना ते फार मानवते.

शिळाप्रेस, १५ नोव्हेंबर

एक राहिले. कान्हेरीच्या उतारांवर कारवी आहे. ती आठ वर्षांतून एकदा एकाच वेळी फुलते. इथल्या डोंगरांवर २०१६ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये ती फुलली, म्हणजे आता २०३२ ची वाट पाहायची. ताईंची मुलगी तेव्हा दहावीच्या आसपास असेल आणि आईबरोबर फिरायला येईल की नाही, याची खात्री नाही. तेव्हा कारवीचे झुडूप आताच दाखवून ठेवा.

पारिजात_मुलुंड, १ डिसेंबर

काल आम्ही कान्हेरीला जाऊन आलो, म्हणून वृत्तान्त लिहिते.

बोरिवली_पूर्व यांनी सांगितल्याप्रमाणे त्याआधीच्या रविवारी केवळ नदीपर्यंत गेलो होतो. त्याचा उपयोग असा झाला की काल मुलांना ‘आत काय आहे’ याची घाई नव्हती. बस मिळायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास रस्त्याकडेच्या दोन झाडांमध्ये विणलेल्या एका मोठ्या जाळ्याने आणि त्यातल्या तळहाताएवढ्या कोळ्याने भरून काढला. मुलाने त्याला ‘काका’ असे नाव दिले आहे.

क्रमांक ३ पर्यंत सासूबाई काठी टेकत, दोनदा थांबत, स्वतःच्या पायांनी आल्या. त्या दोन उंच बुद्धमूर्तींसमोर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर दर्शनी भिंतीवरच्या बाईच्या पायांतले वाळे दाखवून म्हणाल्या, ‘असे वाळे माझ्या आजीकडे होते.’ मुलीने ते वहीत काढले. झाडवेडा यांच्या सल्ल्याने वही घेतली होती, परंतु तिच्यात एकही झाड आले नाही. तीन वाळे, एक स्तूप आणि एक माकड आले.

माकडाचे असे झाले की आम्ही सूचना वाचल्या होत्या, पिशवी बंद ठेवली होती, आणि तरीही माझ्या नवऱ्याने ‘इथे एकही माकड दिसत नाही’ असे म्हणत केळी बाहेर काढली. वाक्य पूर्ण व्हायच्या आत केळी गेली. मुले अजून हसत आहेत.

सासूबाईंना एका लेण्याबाहेरच्या दगडी बाकावर बसवून नवरा त्यांच्याजवळ थांबला आणि मी मुलांना घेऊन पन्हळी शोधत वर गेले. क्रमांक ९० पर्यंत पोहोचलो नाही. मध्येच एका टाक्यात पाणी दिसले आणि मुलगा तिथेच बसला. त्याला पाणी कुठून आले ते शोधायचे होते. शोधता शोधता आम्ही वरच्या खडकावर गेलो, तिथून दुसरे टाके दिसले, आणि परत आलो तेव्हा तास उलटून गेला होता. पहलवी लेख राहिले याची मला जरा हळहळ वाटली, मुलांना अजिबात नाही.

उतरताना मी सासूबाईंच्या पुढे चालले. आजोबांचे म्हणणे शब्दशः खरे होते. दोन पायऱ्यांवर त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. आज गुडघे दुखत आहेत, आणि तरीही सकाळी त्यांनी विचारले की त्या पोढीत मार्चमध्ये पाणी असेल का. जाणकारांनी सांगावे.

शिळाप्रेस, १ डिसेंबर

काही टाक्यांत उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकते. मार्चमध्येच या, पळसही फुललेला असेल. केळी आणू नका.